हात कुणाचा, रांग कुणाची

विमानाचं तिकीट काढताना शेवटच्या स्क्रीनवर एकूण रकमेशेजारी एक बारीक बाण असतो. बहुतेक जण तो दाबत नाहीत. मी दाबतो. कामाची सवय आहे, कुठलाही आकडा दिसला की तो कशाकशाची बेरीज आहे हे बघावंसं वाटतं. मूळ भाडं, जीएसटी, 'सोयीसाठी' लावलेली फी (नक्की कुणाच्या सोयीसाठी, यावर वेगळा लेख होईल), आणि त्यात दोन ओळी. एक एएसएफ, म्हणजे विमान सुरक्षा शुल्क. देशांतर्गत प्रवासाला एप्रिल २०२१ पासून ते २०० रुपये झालं. दुसरी यूडीएफ, म्हणजे विमानतळ वापरल्याचं शुल्क. ते प्रत्येक विमानतळाचं वेगळं.

पहिली रक्कम एका सरकारी विश्वस्त निधीत जाते आणि तिथून तुमची झडती घेणाऱ्या जवानांच्या खर्चाकडे. दुसरी रक्कम ती इमारत चालवणाऱ्याकडे. म्हणजे विमानतळावर आपण एकाच वेळी दोघांचे पैसे देतो. एकाला आपल्या अंगावरून हात फिरवण्याचे, दुसऱ्याला आपल्याला आत घेण्याचे. आणि या दोघांना आपल्याकडून हवं असलेलं काही एकच नाही.

हे सगळं डोक्यात येण्याचं कारण नागपूर. आमच्या भंडारा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. भंडारा शहरातून साठेक किलोमीटरवर सोनेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, तोच आमचा. पुण्याहून घरी गेलो की चौकात हमखास विचारणा होते, "नागपूरचा विमानतळ इकला म्हणते, खरं हाय का गा?"

विकलेला नाही. पण त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. हा विमानतळ चालवणारी 'मिहान इंडिया' ही कंपनी सरकारीच, ५१ टक्के महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची आणि ४९ टक्के भारतीय विमानतळ प्राधिकरणाची. २०१९ मध्ये तो चालवायला देण्याच्या निविदेत जीएमआर पुढे आली. आधी एकूण महसुलातला ५.७६ टक्के वाटा देऊ केला होता, मग तो १४.४९ टक्क्यांवर नेला. २०२० मध्ये सरकारने ती प्रक्रियाच रद्द केली. कंपनी उच्च न्यायालयात गेली, २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने रद्द करणं रद्द केलं, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं, आणि २०२४ मध्ये शेवटची याचिकाही निकाली निघाली. पाच वर्षं भांडण कशावरून? महसुलातला वाटा कुणाला किती, यावरून. प्रवाशाने रांगेत किती वेळ उभं राहायचं, हा त्या भांडणाचा मुद्दा नव्हता.

चौकातल्या मंडळींना खरी काळजी वेगळीच असते. "मंग तपासणी बी प्रायव्हेटवालेच करतीन का?"

नाही. निदान अंगाची तपासणी तरी नाही. भारतात विमानतळ कुणाच्याही हातात असो, प्रवाशाची झडती केंद्राचं औद्योगिक सुरक्षा दल, म्हणजे सीआयएसएफ घेतं. काही ठिकाणी पोलीस, पण सरकारीच. मुंबईचा विमानतळ २००६ मध्ये जीव्हीकेकडे गेला, २०२१ मध्ये अदानींकडे आला. मालक बदलला, पाट्या बदलल्या, पण धातुशोधक यंत्र हातात धरून "हात ऊपर" म्हणणारा माणूस त्याच खाकी वर्दीतला राहिला.

ही व्यवस्था एका दिवसात ठरलेली नाही. प्रत्येक टप्प्यामागे एक वाईट दिवस आहे. १९८५ च्या जूनमध्ये एअर इंडियाचं 'कनिष्क' अटलांटिकवर फुटलं, ३२९ माणसं गेली. स्वतः विमानात न चढलेल्या प्रवाशाची बॅग तेवढी चढली होती. त्यानंतर १९८७ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्युरो स्वतंत्र खातं झालं. १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ कंदाहारला नेलं गेलं. तोपर्यंत विमानतळावर राज्यांचे पोलीस असत. २००० च्या फेब्रुवारीत जयपूरपासून सीआयएसएफ यायला सुरुवात झाली, आज ते साठाहून अधिक विमानतळांवर आहे.

अमेरिकेचा प्रवास याच्या बरोबर उलट्या टोकावरून सुरू झाला. तिथे बहुतेक मोठे विमानतळ आजही शहरांच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणांच्या मालकीचे. पण ११ सप्टेंबर २००१ पर्यंत तपासणी मात्र विमान कंपन्यांनी नेमलेले खासगी ठेकेदार करायचे. ठेका सर्वात स्वस्त बोलीला, पगार कमी, माणसं टिकत नसत. त्या हल्ल्यानंतर दोन-अडीच महिन्यांत कायदा झाला आणि तपासणी केंद्र सरकारने स्वतःकडे घेतली. इथे थांबलो तर गोष्ट सोपी होईल, खासगी वाईट आणि सरकारी चांगलं. पण त्या दिवसापर्यंतच्या नियमांत चार इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू विमानात नेता येत होता. नियम सरकारचेच होते. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर आजही खासगी कंपनीची माणसं सरकारी नियमांनुसार तपासणी करतात. २०१८-१९ च्या हिवाळ्यात अमेरिकी सरकारचं कामकाज महिनाभर ठप्प झालं, सरकारी तपासनीस बिनपगारी उभे होते, बरेच जण आजारपणाची रजा टाकू लागले. सॅन फ्रान्सिस्कोत पगार चालू होते आणि रांगाही.

आणि सरकारी म्हणजे जपणूक, असं म्हणायला भंडाऱ्याच्या माणसाची जीभ रेटत नाही. ९ जानेवारी २०२१ ची पहाट आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयात, नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. रुग्णालय सरकारचं होतं, कुणी नफा कमवायला बसलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मला 'मालक कोण' हा प्रश्न अपुरा वाटतो. चुकलं तर जाब कुणाला विचारायचा, आणि तो विचारता येतो का, हा प्रश्न जास्त खरा वाटतो.

तरीही मालक कोण याने फरक पडतो. कुठे पडतो ते बघायचं असेल तर पैसा कुठून येतो ते बघावं लागतं.

विमानतळाच्या कमाईचे दोन भाग असतात. विमान उतरवणं, उभं करणं, प्रवाशाकडून यूडीएफ घेणं हा एक भाग. याचे मोठ्या विमानतळांवरचे दर एईआरए हे नियामक प्राधिकरण ठरवतं, कंपनीला मनाला येईल तसे वाढवता येत नाहीत. दुसरा भाग दुकानं, कॉफी, पार्किंग, जाहिराती, लाउंज. इथे मोकळं रान. आपल्याकडच्या धोरणानुसार या दुसऱ्या कमाईतला ३० टक्के हिस्सा पहिल्या भागातले दर कमी ठेवायला वापरला जातो. उरलेला कंपनीकडे, त्यातून ती प्राधिकरणाला कराराप्रमाणे वाटा देते. मुंबईच्या करारात हा वाटा एकूण महसुलाच्या ३८.७ टक्के ठरला, दिल्लीच्या करारात ४५.९९ टक्के. एवढा वाटा कबूल केलेल्या माणसाला कॉफी विकावीच लागते.

आता ही कॉफी कुठे विकली जाते? तपासणीच्या पलीकडे. विमानतळाच्या धंद्यात 'ड्वेल टाइम' असा शब्द आहे, प्रवासी आत किती वेळ रेंगाळतो तो वेळ. ॲप बनवणाऱ्यांना हे हिशेब नवे नाहीत. आम्हीही माणूस कुठल्या स्क्रीनवर किती सेकंद थांबला ते मोजतो आणि जिथे थांबतो तिथे बटण ठेवतो. माझ्या तपासणीत गेलेली वीस मिनिटं म्हणजे दुकानासमोर न गेलेली वीस मिनिटं. म्हणून मालकाला मी तपासणीतून झरझर आणि त्यापुढे अगदी सावकाश जायला हवा असतो. मोठ्या विमानतळांवर तपासणी संपताच पट्टा कमरेला लावायच्या आधी अत्तराचा वास येतो, वाट दुकानाच्या पोटातूनच जाते, हे नकाशा काढणाऱ्याचं काम आहे, योगायोग नाही.

जवानाचा हिशेब वेगळा. त्याने दिवसभरात हजार माणसं लवकर सोडली म्हणून त्याला कुणी शाबासकी देणार नाही. एक चुकीचा सुटला तर मात्र नोकरी जाईल, त्याहून वाईटही होईल. त्याचा फायदा सावकाशीत आहे. २०१८ मध्ये सीआयएसएफच्या तेव्हाच्या प्रमुखांनी जाहीरच केलं होतं की जवानांनी आता भरपूर हसण्याऐवजी पुरेसं हसायचं, प्रवाशाशी फार गोड वागण्याच्या नादात लक्ष ढळतं. यावर तेव्हा मीम्सचा पाऊस पडला. मला ते विधान प्रामाणिक वाटलं. ज्याच्या पगाराचा तुमच्या खुश होण्याशी संबंध नाही, त्याने तुम्हाला खुश ठेवण्याचं सोंग का करावं?

हे दोघे वेगळे असावेत असं माझं ठाम मत आहे. आमच्या धंद्यात ज्याने कोड लिहिला त्यानेच तो तपासून पास करायचा नाही, हा साधा नियम. तो माणूस बेइमान असतो म्हणून नाही. शुक्रवारी रिलीज असेल तर चांगल्या माणसाच्याही डोळ्यांना बग दिसेनासा होतो. तपासणाऱ्याचा पगार रिलीजच्या घाईवर अवलंबून नसावा, एवढंच. माझ्या अंगावरून फिरणारा हात दुकानाच्या गल्ल्याशी बांधलेला नसावा, हे मला तितकंच उघड वाटतं. शिवाय दुसऱ्याच्या शरीराला त्याने मनापासून 'हो' म्हटलेलं नसताना हात लावणं, ही फार मोठी सत्ता आहे. ती वापरणाऱ्याचं नाव गाव हुद्दा छातीवर असावा, त्याच्याविरुद्ध माहितीचा अर्ज, न्यायालय, संसदेतला प्रश्न हे रस्ते खुले असावेत. खासगी कंपनीला मी गिऱ्हाईक म्हणून नाराजी कळवू शकतो. पण झडती घेतली जात असताना मी गिऱ्हाईक नसतो.

इथपर्यंत माझ्या मनात फारसा गोंधळ नाही. गोंधळ सुरू होतो तो या दोघांच्या मधल्या जागेत.

तपासणीच्या रांगेचाच विचार करा. जागा आणि यंत्रं विमानतळ कंपनीची. माणसं सीआयएसएफची, जे गृह मंत्रालयाखाली येतं. नियम ब्युरोचे, तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली. एकाच तासात किती विमानं सुटणार, हा निर्णय विमान कंपन्या आणि विमानतळ मिळून घेतात. पैसे प्रवाशाचे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या टर्मिनल ३ वर माणसं तासन् तास अडकली, विमानं चुकली, फोटो व्हायरल झाले, तेव्हा दोष नक्की कुणाचा यावर प्रत्येकाकडे दुसऱ्याचं नाव होतं. यंत्रं कमी, मनुष्यबळ कमी, सकाळी एकदम विमानं जास्त, प्रवासी वेळेवर येत नाहीत. शेवटी खुद्द मंत्र्यांना तिथे जावं लागलं, मग मार्गिका वाढल्या, जवान वाढले. मंत्री येईपर्यंत त्या रांगेचा कुणी धनी नव्हता.

त्याच सुमारास आणखी एक बदल झाला, त्याचे मीम्स झाले नाहीत. विमानतळांवरची सीआयएसएफची तीन हजारांहून अधिक पदं रद्द करून 'गाभ्याच्या नसलेल्या' कामांवर खासगी सुरक्षा कर्मचारी आणायचं ठरलं. रांग लावणं, माणसं पुढे सरकवणं वगैरे. झडती सरकारी, रांग खासगी. कागदावर ही वाटणी समंजस वाटते. बंदूकधारी जवानाने ट्रे का उचलावे?

माझी मोठी आई, म्हणजे थोरल्या काकांची बायको, पवनीजवळच्या गावात राहते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आत धातू. तिला पहिल्यांदा विमानाने नेलं तेव्हा मी तिला सगळं समजावून ठेवलं होतं. बॅगेतला अडकित्ता काढून घेतला, लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत टाकली. (सुपारीवाचून चार तास कसे जायचे यावर घरात स्वतंत्र चर्चा झाली.) विमानतळाचं नाव सांगत नाही, ते महत्त्वाचंही नाही. ट्रेपाशी गणवेशातला एक पोरगा उभा होता, कंत्राटी, जेमतेम बावीस-तेवीसचा. त्याचं काम एकच, पट्टा चालू ठेवणं. "जल्दी, माताजी, जल्दी, चप्पल रखिए, पर्स रखिए, आगे, आगे." मोठी आई गडबडली. मंगळसूत्र काढायचं का, बांगड्या काढायच्या का, ती विचारत होती मराठीत, तो ऐकत होता हिंदीत, आणि मागचे लोक सुस्कारे टाकत होते. मग ती चौकटीतून गेली आणि यंत्र वाजलं.

पडद्याआड जवान बाई होती. मी बाहेरून फक्त आवाज ऐकला. "ऑपरेशन हुआ है क्या? कौन सा पैर? बैठ जाइए, आराम से." दोन-तीन मिनिटं लागली. मोठी आई बाहेर आली ती शांत होती. चपला घालताना मला म्हणाली, "त्या पोरीनं चांगलं इचारलं. पण तो पोरगा असा हाकलत होता जसं मी चोर आहो."

मी यावर बराच विचार केला. जिला हात लावायचा अधिकार होता तिने मान ठेवला. ज्याला हातही लावायचा नव्हता त्याच्याकडून अपमान झाला. आणि त्या पोराला वाईट म्हणवत नाही. त्याच्या डोक्यावर कुणाचा तरी आकडा होता, मिनिटाला इतके ट्रे. तो कंत्राटदाराचा माणूस, कंत्राटदार विमानतळाचा, विमानतळाला तपासणी लवकर संपायला हवी कारण पुढे दुकानं आहेत. मालकाची घाई त्या पोराच्या तोंडून मोठ्या आईपर्यंत पोचली. तपासणी सरकारी ठेवून आपण तिला गल्ल्यापासून वाचवलं, असं मी वर म्हणालो. पण अपमान व्हायला झडतीची गरज नसते, रांग पुरते. आणि रांग 'गाभ्याबाहेर' गेलेली आहे.

रांगेचं दुसरं टोक म्हणजे दार. तिथे ओळखपत्र बघणारा जवान असतो. २०२२ च्या डिसेंबरपासून दिल्ली, बंगळूरु आणि वाराणसीला डिजीयात्रा सुरू झालं, मग इतरत्र पसरलं. चेहरा दाखवा, दार उघडतं. मी वापरतो, सोयीचं आहे, आणि प्रवास संपल्यावर विमानतळाकडचा डेटा २४ तासांत पुसला जातो असं तिथे सांगितलेलं आहे. पण हे चालवणारी डिजीयात्रा फाउंडेशन ही ना-नफा कंपनी आहे, तिच्यात विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के आणि उरलेला ७४ टक्के पाच विमानतळ कंपन्यांचा: दिल्ली, मुंबई, बंगळूरु, हैदराबाद, कोची. तुम्ही कोण आहात हे ओळखणं हे आतापर्यंत सरकारचं काम होतं. ते सक्तीचं नाही, असं सांगतात, आणि कागदावर नाहीच. पण साध्या दाराशी तीस माणसं आणि डिजीयात्राच्या दाराशी तीन असतील, तर विमान पकडायला निघालेला माणूस 'स्वेच्छेने' काय करेल ते सांगायला नको. मोठ्या आईकडे बटनांचा फोन आहे. तिच्यासाठी तीस माणसांची रांगच.

मला मोह होतो तो इथे म्हणायचा की सगळंच सरकारने चालवावं. पण मग गोंदियाजवळचं बिरसी आठवतं. साकोली-लाखांदूरकडच्या लोकांना नागपूरपेक्षा ते जवळ. प्राधिकरणाचं विमानतळ, शेजारी वैमानिकांची शाळा. डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगोने तिथून हैदराबादमार्गे तिरुपतीची सेवा सुरू केली तेव्हा आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर बालाजीचे फोटोच फोटो. आत तपासणीपलीकडे कुणी अत्तर विकायला उभं नाही, कुणाला तुमच्या रेंगाळण्यातून काही मिळवायचं नाही. मोठी आई तिथे हवी तितकी सावकाश चप्पल काढू शकते.

बिरसीसारख्या विमानतळावर दिवसाकाठी मोजकी माणसं चढतात, त्यांच्या यूडीएफमधून धावपट्टीचं डांबरसुद्धा निघणार नाही. त्याचा खर्च प्राधिकरण उचलतं, आणि प्राधिकरणाकडे पैसा येतो त्यात मोठा भाग असतो मुंबई-दिल्लीच्या खासगी कंपन्यांकडून मिळणाऱ्या वाट्याचा. त्या ३८.७ टक्क्यांत मुंबईतल्या कॉफीचेही पैसे आहेत. मोठ्या आईचा बिरसीतला निवांतपणा मुंबईतल्या घाईतूनच येतो, हे कळल्यापासून माझं मत थोडं अडखळतं. बदललेलं नाही.

नागपूरला नवं टर्मिनल होईल. त्यात काचा असतील, संत्र्याच्या बर्फीचं दुकान असेल, मीही तिथे थांबून पाकीट घेईन. झडतीला जवानच असतील. मला त्या करारात एक साधी ओळ हवी आहे. ट्रेपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला पगार ट्रेच्या संख्येवर मिळणार नाही, त्याला मराठी येत असेल, आणि त्याच्याबद्दल तक्रार असेल तर ती कुणाच्या टेबलावर जाईल त्या अधिकाऱ्याचा हुद्दा रांगेच्या तोंडाशीच भिंतीवर लिहिलेला असेल. असा करार कुणी दाखवला तर मी तो चौकात नेऊन वाचून दाखवेन. तिथले लोक टक्केवारीबद्दल विचारणार नाहीत. ते विचारतील, "तो अधिकारी फोन उचलते का?"